पर्थ शहराच्या भूमीवरील मूलनिवासींचा दावा

भूमिहक्काचा विषय निघाला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर शेत, गायरान किंवा रान उभे राहते. शहर सहसा उभे राहत नाही. शहरातील जमीन मोजलेली, नोंदलेली आणि कोणाच्या तरी नावावर चढलेली असते, तेव्हा तेथे जुन्या वहिवाटीचा प्रश्नच उद्भवत नाही, अशी आपली समजूत असते. परंतु आज ज्या भूमीवर मोठमोठी नगरे उभी आहेत, ती भूमी नगरे वसण्यापूर्वी ओसाड होती असे नाही. तेथे लोक राहत होते, शिकार व मासेमारी करीत होते, आपल्या मृतांना तेथेच पुरत होते. त्यांचे वंशज पुष्कळ ठिकाणी आजही त्याच नगरांत वास्तव्य करून आहेत. ‘ही भूमी आमच्या पूर्वजांची आहे आणि आमचा तिच्याशी असलेला संबंध तुटलेला नाही,’ असे या वंशजांनी न्यायालयात येऊन सांगितले, तर कायद्याने काय करावे?

हा प्रश्न ऑस्ट्रेलियातील पर्थ या महानगराच्या बाबतीत प्रत्यक्ष उपस्थित झाला. तेथील नूंगार या मूलनिवासी समाजाने २००३ साली दाखल केलेल्या दाव्याचा शेवट २०२१ साली एका विस्तृत करारात झाला. या अठरा वर्षांत जे घडले ते भूमी अभिलेखांशी, आदिवासींच्या दाव्यांशी आणि पुराव्याच्या छाननीशी ज्यांचा दैनंदिन संबंध येतो, अशा सर्वांनी समजून घेण्यासारखे आहे.

अस्वामिक भूमीचे गृहीतक

ब्रिटिशांनी पश्चिम ऑस्ट्रेलियात १८२९ साली वसाहत स्थापन केली. कॅप्टन जेम्स स्टर्लिंग यांच्या नेतृत्वाखाली स्वान नदीच्या काठी पर्थ नगराची पायाभरणी झाली आणि नदीकाठच्या सुपीक जमिनी वसाहतवाल्यांना वाटून देण्यात आल्या. या जमिनींबाबत नूंगार लोकांशी कोणताही तह झाला नाही व त्यांना मोबदलाही देण्यात आला नाही. ज्या समाजात नांगरलेली शेते नाहीत, कुंपणे नाहीत आणि लेखी दस्त नाहीत, त्या समाजाला भूमीची मालकी ठाऊकच नसते, असे वसाहतीच्या कायद्याने गृहीत धरले होते. सारांश, भूमी अस्वामिक मानली गेली आणि ती आपोआप ब्रिटिश राजसत्तेची झाली.

हे गृहीतक दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकले. टॉरेस सामुद्रधुनीतील मेर बेटाचे रहिवासी एडी माबो व त्यांचे सहकारी यांनी दाखल केलेल्या खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे त्या देशातील सर्वोच्च न्यायालयाने, ३ जून १९९२ रोजी ते फेटाळून लावले. ब्रिटिश सत्ता येण्यापूर्वीपासून मूलनिवासींचे स्वतःच्या रूढी व नियमांनुसार भूमीवर हक्क होते आणि ते हक्क ऑस्ट्रेलियाचा कायदा मान्य करू शकतो, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. स्वतः माबो हा निकाल ऐकण्यास हयात नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांचे निधन झाले होते. या निर्णयास अनुसरून संसदेने १९९३ साली ‘नेटिव्ह टायटल’ कायदा संमत केला व तो १ जानेवारी १९९४ पासून अंमलात आला.

‘नेटिव्ह टायटल’ याचा अर्थ सरकारने नव्याने बहाल केलेली मालकी असा नाही, ही गोष्ट येथे लक्षात ठेवली पाहिजे. पूर्वापार चालत आलेला हक्क अद्याप जिवंत आहे, अशी दिलेली ती कबुली आहे. त्यामुळे दावेदाराने हक्क मागायचा नसतो. तो अस्तित्वात आहे हे सिद्ध करायचे असते. पर्थच्या प्रकरणातील सारी अडचण या एका शब्दात, म्हणजे ‘सिद्ध’ करण्यात, साठवलेली आहे.

शहरावरील दाव्याची व्याप्ती

शहरावर मूलनिवासींनी दावा केला, असे ऐकताच सामान्य नागरिकाच्या मनात पहिली शंका येते ती आपल्या घराविषयीची. या शंकेचे निरसन कायद्याने पूर्वीच केलेले होते. डार्विन शहरालगतच्या जमिनीसंबंधी लाराकिया समाजाने आणलेल्या खटल्यात हायकोर्टाने १९९८ साली स्पष्ट केले की, एखादी जमीन एकदा फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण खाजगी मालकीची, म्हणून दिली गेली की तिच्यावरील पारंपरिक हक्क कायमचा संपुष्टात येतो. ती जमीन पुढे सरकारकडे परत आली, तरी तो हक्क पुनरुज्जीवित होत नाही.

या नियमाचा परिणाम असा की, महानगराच्या नकाशावर दाव्याची सीमारेषा सर्व शहराभोवती दिसत असली, तरी तिच्या आतील घरे, दुकाने, कारखाने आणि खाजगी भूखंड दाव्याबाहेरच राहतात. शिल्लक उरते ती सरकारी पडीक जमीन, काही राखीव क्षेत्रे, झुडपी रान, नदीकाठचे व पाणथळीचे काही भाग. सर्वांत आधी व सर्वांत दाट वस्ती जेथे झाली तेथील मूलनिवासींची भूमी सर्वांत अधिक गेली, आणि कायद्याने मान्य करता येण्याजोगा हक्कही तेथेच सर्वांत कमी उरला. दूरच्या वाळवंटी प्रदेशातील समाजांच्या तुलनेत शहरांतील मूलनिवासी अशा प्रकारे दुहेरी तोट्यात राहिले.

नूंगार समाजाने सप्टेंबर २००३ मध्ये दाखल केलेला दावा एका शहरापुरता नव्हता. राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील सुमारे १ लाख ९४ हजार चौरस किलोमीटर प्रदेश त्यात समाविष्ट होता. त्यापैकी पर्थ महानगर व आसपासच्या भागाविषयीचा प्रश्न संघीय न्यायालयाने स्वतंत्रपणे सुनावणीस घेतला.

२००६ चा निकाल

न्यायमूर्ती मरे विल्कॉक्स यांनी १९ सप्टेंबर २००६ रोजी निकाल दिला. १८२९ साली नैर्ऋत्य प्रदेशात एकाच रूढी-नियमांनी बांधलेला एक नूंगार समाज नांदत होता, तो समाज अनेक आघात सोसूनही टिकून राहिला आहे आणि पर्थ परिसरात, जेथे हक्क अन्य कारणाने संपुष्टात आलेला नाही तेथे, त्याचा पारंपरिक हक्क विद्यमान आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. भूमीवर जाणे व राहणे, शिकार व मासेमारी करणे, अन्न व इतर नैसर्गिक साधने गोळा करणे, महत्त्वाच्या स्थळांचे रक्षण करणे, विधी पार पाडणे आणि पुढील पिढीस ज्ञान देणे, अशा स्वरूपाचे आठ हक्क त्यांनी मान्य केले.

या निष्कर्षासाठी न्यायालयाने दोन प्रकारच्या पुराव्यांचा मेळ घातला. एकीकडे वसाहतकालीन लेखन, विशेषतः विसाव्या शतकाच्या आरंभी डेझी बेट्स यांनी करून ठेवलेल्या नोंदी व वंशावळी होत्या. दुसरीकडे नूंगार स्त्री-पुरुषांच्या तोंडी साक्षी होत्या. कोणत्या भागात कोणाच्या परवानगीवाचून शिकारीस जाऊ नये, कोणत्या पाण्याजवळ कसे वागावे, मृताच्या बाबतीत कोणते नियम पाळावेत, आजी-आजोबांनी काय शिकविले, अशा साध्या गोष्टींतून समाजाचे नियम अद्याप पाळले जातात की नाही, हे न्यायालयाने तपासले.

ऑस्ट्रेलियातील एखाद्या राज्याच्या राजधानीवर पारंपरिक हक्क मान्य होण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. त्यामुळे मोठी खळबळ उडाली. समुद्रकिनारे व उद्याने सर्वसामान्यांना बंद होतील, अशी भीती काही राजकीय नेत्यांनी व्यक्त केली. वस्तुतः खाजगी मालमत्तेस या निकालाने कोणताही धक्का पोहोचत नव्हता आणि हा निर्णय दावेदारांना घबाड मिळवून देणारा नाही, तसा तो इतरांवर संकट आणणाराही नाही, असे न्यायमूर्तींनी स्वतःच बजावले होते. तरीही राज्य सरकार व केंद्र सरकार या दोघांनीही अपील केले.

अखंडतेची कसोटी

संघीय न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २३ एप्रिल २००८ रोजी हा निकाल रद्द ठरविला. नूंगार समाजाला हक्क नाही, असे पीठाने म्हटले नाही. तपासणीची पद्धत चुकली आहे, असे म्हणून प्रश्न फेरविचारार्थ मोकळा ठेवला. यामागील कारण समजण्यासाठी हायकोर्टाच्या २००२ सालच्या योर्टा योर्टा प्रकरणातील निर्णयाकडे वळले पाहिजे. ब्रिटिश सत्ता आल्यापासून आजपर्यंत समाजाने आपल्या पारंपरिक रूढी व नियम मोठ्या प्रमाणावर अखंडपणे पाळले असले पाहिजेत, अशी कसोटी त्या निर्णयाने घालून दिली होती.

ही अखंडता पिढीगणिक दाखविली गेली पाहिजे, समाज टिकला म्हणजे त्याचे नियमही टिकले असे गृहीत धरता येणार नाही, आणि पर्थ परिसराशी असलेला संबंध त्या विशिष्ट परिसरापुरता स्वतंत्रपणे सिद्ध झाला पाहिजे, असे पूर्ण पीठाने म्हटले. त्याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. रूढी पाळण्यात खंड पडला असेल, तर तो कोणत्या कारणाने पडला ही बाब गैरलागू ठरते, असेही पीठाने स्पष्ट केले.

हे तत्त्व पर्थच्या इतिहासाला लावून पाहिले म्हणजे त्यातील विसंगती ध्यानात येते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या १९०५ च्या कायद्याने मुख्य संरक्षक या अधिकाऱ्यास मूलनिवासी मुलांचा कायदेशीर पालक केले होते. या अधिकाराखाली मुले आईबापांपासून दूर करून सरकारी वसाहतींत व मिशनांत ठेवण्यात आली आणि तेथे त्यांना स्वतःची भाषा बोलण्यापासून परावृत्त करण्यात आले. १९२७ पासून १९५४ पर्यंत तर पर्थ नगराचा मध्यभाग मूलनिवासींसाठी निषिद्ध क्षेत्र म्हणून घोषित होता; कामधंद्यासाठी तेथे प्रवेश करावयाचा झाल्यास परवाना बाळगावा लागे. ज्या भूमीवर पाऊल ठेवण्यास सत्तावीस वर्षे सरकारची मनाई होती, त्याच भूमीशी संबंध पिढीगणिक अखंड राहिल्याचा पुरावा पुढे कायद्याने त्याच लोकांकडे मागितला.

ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी आईबापांपासून तोडलेल्या या मुलांच्या पिढ्यांची संसदेत देशाच्या वतीने १३ फेब्रुवारी २००८ रोजी क्षमा मागितली. अपिलाचा निर्णय त्यानंतर दहा आठवड्यांनी आला. न्यायाधीशांनी प्रचलित कायदा लावला, त्यांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि, अन्याय झाला हे राष्ट्र मान्य करते आणि त्या अन्यायाचा परिणाम मात्र अन्यायग्रस्ताच्याच खात्यावर मांडला जातो, ही स्थिती कायद्याची मर्यादा दाखविते. डार्विन शहरावरील लाराकिया समाजाचा दावाही २००६ साली याच कारणास्तव नामंजूर झाला होता. आजचे लाराकिया हे मूळ लाराकियांचे वंशज आहेत आणि त्यांचा समाज जिवंत आहे, हे न्यायालयास मान्य होते. परंतु मध्यंतरी परंपरेत खंड पडला, असे ठरले.

न्यायालयातून वाटाघाटींकडे

आता नूंगार समाजासमोर व राज्य सरकारसमोरही दोन मार्ग होते. प्रत्येक विभागासाठी पुन्हा वर्षानुवर्षे खटले चालवावयाचे किंवा समोरासमोर बसून तोडगा काढावयाचा. उभयतांनी दुसरा मार्ग स्वीकारला आणि डिसेंबर २००९ मध्ये वाटाघाटींच्या चौकटीवर सह्या झाल्या. २०१५ च्या आरंभी सहा विभागांत सभा भरवून समाजाचे मत घेण्यात आले. पर्थचा अंतर्भाव वाजुक या विभागात होतो. सहाही सभांनी भूमिवापर करारांस संमती दिली.

ही संमती सर्वांची नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. पूर्वजांचा हक्क पैशाच्या व जमिनीच्या मोबदल्यात सोडून देण्याचा अधिकार आजच्या पिढीला नाही, असे अनेक नूंगार कुटुंबांचे म्हणणे होते. विरोधकांनी न्यायालयात धाव घेतली. दाव्यातील सर्व प्रतिनिधींच्या सह्या नसल्यामुळे करार नोंदणीयोग्य नाहीत, असा निर्णय फेब्रुवारी २०१७ मध्ये झाला. त्याच वर्षी संसदेने कायद्यात दुरुस्ती करून ही अडचण दूर केली. त्यानंतरही आक्षेप चालूच राहिले. हायकोर्टाने नोव्हेंबर २०२० मध्ये अपिलाची परवानगी नाकारल्यानंतर मार्ग मोकळा झाला आणि २५ फेब्रुवारी २०२१ पासून कराराची अंमलबजावणी सुरू झाली.

मिळाले काय आणि सोडले काय

करारातील मुख्य गोष्टी पुढीलप्रमाणे आहेत. राज्य सरकारने बारा वर्षे दरवर्षी ५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर नूंगार भविष्य निधीत जमा करावयाचे आहेत. ३ लाख २० हजार हेक्टरपर्यंत सरकारी जमीन टप्प्याटप्प्याने नूंगार न्यासाकडे सोपवावयाची असून, त्यातील २० हजार हेक्टरपर्यंत जमीन पूर्ण मालकीने व उर्वरित राखीव किंवा भाडेपट्ट्याच्या स्वरूपात द्यावयाची आहे. सहा विभागांसाठी सहा प्रादेशिक संस्था व त्यांना साह्य करणारी एक मध्यवर्ती संस्था, संरक्षित वनक्षेत्रांच्या व्यवस्थापनात सहभाग आणि गृहनिर्माणविषयक तरतुदी यांचाही त्यात समावेश आहे. या सर्वांचे एकत्रित मूल्य सुमारे १३० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर धरण्यात आले आहे. सुमारे ३० हजार नूंगार लोकांशी या कराराचा संबंध येतो.

याशिवाय राज्य विधिमंडळाने २०१६ साली एक स्वतंत्र कायदा संमत करून नूंगार हे नैर्ऋत्य प्रदेशाचे पारंपरिक स्वामी असल्याचे मान्य केले. त्या कायद्याच्या नावात ‘कूरा, नित्जा, बुरदावान’, म्हणजे भूत, वर्तमान व भविष्य, हे नूंगार भाषेतील शब्द घातलेले आहेत. न्यायालयात जी गोष्ट पिढीगणिक सिद्ध करता आली नाही, ती विधिमंडळाने जाहीरपणे मान्य केली, हे या कायद्याचे महत्त्व.

या साऱ्याच्या बदल्यात नूंगार समाजाने आपला नेटिव्ह टायटलचा हक्क कायमचा सोडून दिला. म्हणजे हक्काची कबुली मिळाली, ती हक्क सोडण्याच्या अटीवर. कराराचे समर्थक म्हणतात की, अनिश्चित खटल्यांच्या शेवटी तुकड्यातुकड्यांवरील मर्यादित हक्क मिळण्यापेक्षा पुढील पिढ्यांना जमीन, निधी व संस्था मिळाल्या हे श्रेयस्कर. विरोधक म्हणतात की, निधी संपेल, संस्था बदलतील, परंतु सोडलेला हक्क परत यावयाचा नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि त्यांचा निवाडा बाहेरच्याने करावयाचा नाही.

आपल्याकडील पुराव्याचा प्रश्न

भारतातील कायदेशीर परिस्थिती वेगळी आहे, आणि पर्थचा करार येथे जसाच्या तसा लागू करता येण्यासारखा नाही. परंतु मौखिक वहिवाटीला लेखी व्यवस्थेत स्थान कसे द्यावे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. मुंबईतील आरे परिसरात व संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आजही वारली व इतर आदिवासींचे पाडे आहेत. महानगर त्यांच्या भोवती वाढले.

आपल्या कायद्यांनी या प्रश्नाची जाणीव काही अंशी ठेवलेली आहे. महाराष्ट्राने १९७४ च्या अधिनियमाद्वारे १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी विहित अटींवर परत करण्याची तरतूद केली. वनहक्क अधिनियम, २००६ याच्या उद्देशिकेतच ‘ऐतिहासिक अन्याया’चा उल्लेख आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वी पुनर्वसनाविना बेकायदेशीरपणे हुसकावून लावलेल्यांच्या पुनर्वसनाचा हक्कही त्या अधिनियमाने मान्य केला आहे. खंड का पडला हे विचारण्यास येथील कायद्याने वाव ठेवला आहे, हा मोठाच फरक होय.

वनहक्क नियमांतील पुराव्याची यादी या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. सरकारी कागदपत्रांबरोबरच घरे, विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे, पूर्वजांपर्यंत पोहोचणारी वंशावळ आणि दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले निवेदन, हेही पुरावे म्हणून ग्राह्य आहेत. विशिष्ट प्रकारच्याच कागदाचा आग्रह समित्यांनी धरू नये आणि उपग्रह छायाचित्रे इतर पुराव्यांस पूरक म्हणून वापरावीत, त्यांच्या जागी नव्हे, असे २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट केलेले आहे.

पर्थच्या सुनावणीत शतकापूर्वी कोणीतरी लिहून ठेवलेली वंशावळ व वृद्धांच्या आठवणी यांवरच दावा उभा राहिला होता. ज्या पिढीची साक्ष नोंदविली गेली नव्हती, तेथे तो अडखळला. आपल्या गावातील ज्या वृद्धाला जुन्या पाड्याची जागा, विहिरीचा इतिहास किंवा देवराईची सीमा ठाऊक आहे, त्याचे निवेदन ग्रामसभेच्या वनहक्क समितीने आजच, त्याच्याच शब्दांत, साक्षीदारांसमक्ष लिहून घेतले पाहिजे. शिक्षकांना या कामी मोठे साह्य करता येईल. दाव्याची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याने कागद नाही म्हणून प्रकरण निकाली काढण्यापूर्वी, तो कागद का तयार झाला नाही आणि तो तयार करण्याची जबाबदारी त्या काळी कोणाची होती, एवढा विचार अवश्य करावा. पर्थमध्ये हे दोन प्रश्न वेळीच विचारले गेले असते, तर अठरा वर्षांची ही वाट कदाचित एवढी लांबली नसती.